गोल कशासाठी?

घर बांधणारं माणूस माझ्याकडे येतं तेव्हा पहिली गोष्ट निघते एलिव्हेशनची, म्हणजे घर समोरून कसं दिसेल त्याची. "मॅडम, रस्त्यावरनं बघितलं की नादखुळा वाटलं पाहिजे बघा!" मोबाईलवर कुठल्या तरी बंगल्याचा फोटो असतो. एक कोपरा गोल, बाकी काच आणि एसीपी शीट, म्हणजे ॲल्युमिनियमचा मुलामा असलेले चकचकीत पत्रे. या हौसेला मी कधी नावं ठेवत नाही. जन्माची पुंजी घालून बांधलेलं घर देखणं हवंच. पण तो गोल कशासाठी, हे विचारल्याशिवाय मी पेन्सिल उचलत नाही.

गोल म्हटलं की आपल्याकडे खासबागेचं कुस्ती मैदान. शाहू महाराज १९०२ साली युरोपला गेले, रोमचं कलोझियम त्यांनी पाहिलं, आणि १९१२ मध्ये कोल्हापुरात हे मैदान उभं राहिलं. कुस्तीला पुढची बाजू, मागची बाजू असं काही नसतं. डाव कुठल्या अंगाला पडेल सांगता येत नाही, म्हणून बैठक चारी बाजूंनी. आणि ती उतरती, म्हणजे पुढच्याचा फेटा मागच्याच्या आड येत नाही. आकार खेळानंच ठरवलाय.

अमेरिकन वास्तुकार लुई कान यांनी अहमदाबादच्या आयआयएममध्ये विटेच्या पसरट कमानी केल्या, त्याही मला अशाच वाटतात. कमान जितकी पसरट, तितकी ती टेकूंना बाहेर रेटते. वीट दाब सोसते, ताण सोसत नाही. म्हणून कमानीच्या दोन टोकांना बांधणारी काँक्रीटची आडवी तुळई दिली आणि ती उघडी ठेवली. कोण काय पेलतंय ते बघणाऱ्याला दिसतं.

सध्या माझ्या हातात एक प्लॉट आहे, रस्ता पश्चिमेला. म्हणजे मालकांना हवी असलेली काच नेमकी मावळतीकडे. दीड-दोन फुटांचा छज्जा इथं उपयोगाचा नाही, कारण चार-पाचनंतरचं ऊन छज्ज्याच्या खालून थेट आत येतं. अंबाबाईच्या किरणोत्सवामुळे कोल्हापूरकरांना सूर्याची मावळायची जागा सरकते हे वेगळं सांगावं लागत नाही. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या शेवटी किरणं देवळात शिरतात तेव्हा सूर्य नैऋत्येकडे कललेला असतो. मे महिन्यात तो पश्चिमेच्याही उत्तरेला सरकतो.

मी पश्चिमेला विटांची जाळी काढली. विटा तिरप्या उभ्या केल्या, फटींची तोंडं नैऋत्येकडे. मे महिन्यातलं ऊन विटेच्या पाठीवर अडतं, थंडीतलं संध्याकाळचं कोवळं ऊन मात्र आत येतं. अडचण पावसाची, कारण आपला पाऊसही नैऋत्येचाच. झड आली की पाणी फटीतून आत येणारच. म्हणून जाळी भिंतीपासून तीन फूट पुढं घेतली. मधे पडवी, खाली शहाबादी फरशी, उतार बाहेरच्या बाजूला. काच आहे, पण पडवीच्या आत, सावलीत. विटांना गिलावा करायचा नाही, एवढं मी मालकांकडून कबूल करून घेतलंय. गिलावा केला की विटेच्या कडा जातात, आणि त्या जाळीचं सगळं सौंदर्य कडांत आहे.

गोल कोपरा मात्र त्यांनी सोडला नाही. मग मी जिनाच त्यात बसवला. घरात सत्तरी ओलांडलेल्या आजी आहेत, त्यांचे गुडघे दुखतात. वळणाच्या पायऱ्या आतल्या बाजूला निमुळत्या होतात, तिथं पाय घसरतो. त्रिज्या वाढवत नेली तेव्हा कठड्यापासून हातभर अंतरावर पूर्ण पाऊल मावेल अशी दहा इंची पायरी मिळाली. हॉल त्यामुळे थोडा लहान झाला. मालकांनी तो आनंदानं दिला. सेंटरिंगवाल्यानं, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा उभारणाऱ्यानं, दर जास्त सांगितलाय आणि तो रास्त आहे, गोलाईला प्लायचा अखंड ताव चालत नाही, अरुंद पट्ट्या एकेक उभ्या लावाव्या लागतात.