पूर्ण कधी होणार?

माझे अल्बम चाळून झाले की पाहुणे हमखास विचारतात, 'मग हा संग्रह पूर्ण कधी होणार?' परवा तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते: कधीच नाही. चित्र-पोस्टकार्डं जमवण्यातली निम्मी गंमत तिथेच आहे.

टपाल तिकिटांचं बरं असतं. तिकीट सरकार काढतं, त्याची नोंद होते, कॅटलॉग निघतो. मग अल्बममधली एकेक रिकामी चौकट संग्राहकाला छळत राहते. पोस्टकार्डं मात्र ज्याला वाटलं त्याने छापली. मोठ्या छापखान्यांनी छापली, तशीच हॉटेलवाल्यांनी, बोट कंपन्यांनी, गल्लीतल्या फोटोग्राफरनेही. १९०३ साली कोडॅकने पोस्टकार्डाच्याच मापाची निगेटिव्ह देणारा कॅमेरा बाजारात आणला आणि हौशी मंडळी आपल्या अंगणाची, कुत्र्याची, नव्या सायकलीची कार्डं काढू लागली. याची यादी कोण करणार? म्हणून कुठल्याच पुस्तकात नसलेलं कार्ड अजूनही कुणाच्याही हाती लागू शकतं.

यादी नाही म्हटल्यावर कप्पेही आपले आपण पाडायचे. वॉकर इव्हान्स या अमेरिकन छायाचित्रकाराने लहानपणापासून जमवलेली सुमारे ९,००० कार्डं आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहेत. रस्ते, कारखाने, दीपगृहं असे विभाग त्याने स्वतःच्या आवडीने केले होते. मी आधी शहरांप्रमाणे लावली, मग सालांप्रमाणे, आता पुलांच्या मागे लागले आहे. प्रत्येक वेळी सगळी कार्डं टेबलावर येतात आणि प्रत्येक वेळी एखादं असं निघतं की वाटतं, हे आपण नीट पाहिलंच नव्हतं.

पाहायचं म्हणजे भिंगाखाली. छापील कार्ड असेल तर चित्र ठिपक्यांत फुटतं; खऱ्या फोटोचं असेल तर करडा रंग शेवटपर्यंत सलग राहतो, दुकानाच्या पाटीवरची अक्षरंही वाचता येतात. कार्डवाल्यांच्या लबाड्याही भिंगाखालीच उघड्या पडतात. दिवसा काढलेल्या फोटोवर निळा रंग चढवायचा, खिडक्यांत पिवळे ठिपके द्यायचे, वर चंद्र चिकटवायचा, की झालं 'रात्रीचं दृश्य'! माझ्याकडे एकाच बंदराची अशी जोडी आहे. दिवसाच्या कार्डावर धक्क्याला टेकून एक माणूस उभा आहे, आणि रात्रीच्या कार्डावरही तो तिथेच, त्याच पायावर भार देऊन.

पण मला विचाराल तर कार्ड उलटं केल्यावरच खरी मजा येते. अनेक संग्राहक कोरं, न वापरलेलं कार्ड शोधतात. शोधोत बापडे. माझ्या दृष्टीने कोरं कार्ड म्हणजे दुकानातून बाहेर न पडलेला माल. चित्र छापणाऱ्याने निवडलेलं असतं. मागचा मजकूर, शिक्का, घाईत तिरकं लावलेलं तिकीट हे सगळं कार्ड पाठवणाऱ्याचं. हॉटेलच्या शेकडो खिडक्यांपैकी एकीवर शाईची फुली मारून 'ही आमची खोली' असं लिहिलेली कार्डं तर सगळीकडे सापडतात, आणि मी ती एकही सोडत नाही. माझ्या एका कार्डावर बर्फाच्छादित शिखरं आहेत आणि मागे एवढंच: 'चाव्या शेजारी दिल्या आहेत. मांजराला विसरू नकोस.' पर्वताबद्दल एक अक्षर नाही. मांजराचं पुढे काय झालं ते कळायला मार्ग नाही, त्यामुळे ते कार्डही कधी पूर्ण होत नाही.

मजकूर कुठे लिहिलाय यावरून कार्डाचं वयही कळतं. पहिलं पोस्टकार्ड ऑस्ट्रिया-हंगेरीने १ ऑक्टोबर १८६९ रोजी काढलं. त्यावर चित्र नव्हतंच. चित्रं आल्यावरही बरीच वर्षं मागची अख्खी बाजू फक्त पत्त्यासाठी राखीव होती. निरोप लिहायचा तो चित्राच्या कडेने, आकाशातून, एखाद्या घुमटाला वळसा घालून. ब्रिटनने १९०२ मध्ये मागच्या बाजूचे दोन भाग करायला परवानगी दिली, अर्धा पत्त्याला, अर्धा मजकुराला. अमेरिकेत हे १९०७ मध्ये झालं. त्यामुळे शिक्का पुसट असला तरी मधली उभी रेघ आहे की नाही यावरून साधारण काळ ठरवता येतो. ही रेघ सोयीची खरी, पण माझी आवडती कार्डं तिच्या आधीचीच. जागा नसली की माणसं मुद्द्याचं लिहितात.

जपणुकीला फार काही लागत नाही. पीव्हीसीची पाकिटं टाळायची, ती कालांतराने चिकट होतात. रबरबँड लावायचं नाही, उन्हात ठेवायचं नाही, नोंद करायचीच तर मऊ पेन्सिलीने. घरच्या जुन्या कागदांत तुम्हाला एखादं कार्ड सापडलं, तर कृपा करून ते वहीत डिंकाने चिकटवू नका. आणि टाकूनच देणार असाल, तर आधी मला कळवा.