केबिनमधला छोटा दिवा, मॅग्नेटचे हुक आणि बाबांचा मग

क्रूझच्या पहिल्याच रात्री आईच्या पायाला लागलं. रात्री दोनच्या सुमारास ती बाथरूमला उठली आणि केबिनमध्ये इतका मिट्ट काळोख होता की डोळे उघडे आहेत की मिटलेत तेसुद्धा कळत नव्हतं, आणि जहाजावरच्या बाथरूमच्या दाराला चांगला वीतभर उंच वाटावा असा उंबरा असतो, पाणी बाहेर येऊ नये म्हणून, तो काही तिच्या लक्षात राहिला नाही. अंगठा ठेचकाळला. नशीब पडली नाही. ती कमोडवर बसून अंगठा दाबत होती आणि मी तिच्यासमोर फरशीवर बसून स्वतःला दोष देत होते, कारण जायच्या आधी दोन महिने मी जेवण, शो, बंदरावरच्या टूर सगळं वाचून काढलं होतं आणि रात्रीच्या दिव्याचा विचार एकदासुद्धा केला नव्हता.

आम्ही गेल्या डिसेंबरात सिंगापूरहून गेलो होतो, चार रात्री, मलेशियातलं पेनांग आणि थायलंडमधलं फुकेत. आई-बाबा आणि मी, एकच आतली केबिन. आतली म्हणजे खिडकी नाही. ती स्वस्त पडते म्हणून आपल्याकडची बरीच मंडळी तीच घेतात आणि त्यात काही चूक नाही, पण साधारण दीडशे स्क्वेअर फुटांच्या खोलीत तीन माणसं, तीन बॅगा आणि दोघांचं वय सत्तरच्या पुढे असेल तर तिथे बारीकसारीक वस्तूच तुमचे दिवस ठरवतात. म्हणून हे लिहितेय, आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी खास.

तर दिवा. बॅटरीवर चालणारा, माणूस हलला की आपोआप लागणारा छोटा दिवा मिळतो, पाठीमागे मॅग्नेट असलेला. तोच घ्या. प्लगवाला नको, कारण प्लगची मारामारी पुढे सांगतेच. आमच्याकडे तो नव्हता, मग दुसऱ्या रात्रीपासून मी बाथरूमचा लाइट चालू ठेवून दार बोटभर उघडं ठेवलं आणि उंबऱ्यावर पांढरा टॉवेल घडी करून टाकला. चाललं. टीव्हीवर जहाजाच्या पुढच्या कॅमेऱ्याचा चॅनल असतो तो आवाज बंद करून लावून ठेवला तर सकाळ झालेली कळते, नाहीतर आतल्या केबिनमध्ये दहा वाजले तरी मध्यरात्रच वाटते.

मॅग्नेट म्हटलं की हुक आलेच. बहुतेक जहाजांवर केबिनच्या भिंती आणि दार पत्र्याचे असतात, वरून लाकडासारखे दिसले तरी मॅग्नेट चिकटतं. हे मला एका मैत्रिणीने सांगितलं होतं म्हणून मी सहा हुक नेले होते, चांगले ताकदवान, आणि खरं सांगते, सगळ्या ट्रिपमध्ये इतका उपयोग कशाचा झाला नाही. बाबांची टोपी, आईची पर्स, ओले रुमाल, औषधांची पिशवी, सगळं भिंतीवर. बसायला एकच खुर्ची असते, तिच्यावर कपड्यांचा ढीग झाला की माणसाने बसायचं कुठे? रिकाम्या बॅगा पलंगाखाली सारायच्या, तिथे बरीच जागा असते, मला ती दुसऱ्या दिवशी दिसली.

आता प्लग. आमच्या केबिनमध्ये टेबलाजवळ दोन सॉकेट होते, एक अमेरिकन चपट्या पिनांचा आणि एक युरोपियन गोल पिनांचा. आपले मोबाइलचे बारीक दोन पिनांचे चार्जर युरोपियनमध्ये बसतात, पण आपला तीन पिनांचा प्लग कशातच बसत नाही. मी घरून एक्स्टेंशन बोर्ड नेला होता आणि तो चढतानाच सिक्युरिटीने काढून ठेवला, पावती दिली आणि उतरताना परत दिला. तेव्हा राग आला, नंतर एका इंजिनिअर काकांनी समजावलं की जहाजाची वायरिंग घरच्यासारखी नसते, सर्ज प्रोटेक्टरवाले, म्हणजे विजेचा अचानक वाढलेला दाब अडवणारे बोर्ड तिथे तापून आग लागू शकते, आणि समुद्रावर आगीइतकी भीती दुसऱ्या कशाची नाही. इस्त्री, किटली, मेणबत्ती, उदबत्ती यांनाही त्याच कारणाने बंदी. तेव्हा तीन-चार यूएसबी तोंडांचा एक चार्जर न्या, बास होतं. आईची सुती साडी चुरगळली होती, ती मी अंघोळीच्या वेळी बाथरूममध्ये टांगून ठेवली, वाफेने बऱ्यापैकी सरळ झाली.

त्या बाथरूममध्ये शॉवरच्या भिंतीवर एक छोटी गोल डबी असते, तिच्यातून दोरी ओढून समोरच्या भिंतीला अडकवायची. कपडे वाळत घालायची सोय. आईला ती सापडली तेव्हा तिचा चेहरा असा खुलला की विचारू नका. मात्र तिथे वारा नाही त्यामुळे जाड काही वाळत नाही, रुमाल, मोजे, आतले कपडे एवढंच. बाल्कनी असली तरी कठड्यावर कपडे टाकू देत नाहीत.

आणि जेट स्प्रे नसतो. हे मोकळेपणाने बोललं पाहिजे कारण आपल्याकडच्या वयस्कर माणसांचे यामुळे फार हाल होतात आणि ते सांगत नाहीत. बाबांनी नाहीच सांगितलं. मी मात्र घडी होणारा सिलिकॉनचा मग घेऊन ठेवला होता, न बोलता बेसिनपाशी ठेवून दिला. बेसिन कमोडच्या इतकं जवळ असतं की बसल्या जागेवरून पाणी घेता येतं. विमानासारखं जोरात ओढून घेणारं टॉयलेट असतं, आवाज दचकवणारा, त्यात कागद सोडून काहीही टाकायचं नाही, एका केबिनमधून काही अडकलं तर आजूबाजूच्या केबिनचीही पंचाईत होते.

बाबांना डायबेटिस आहे, इन्सुलिन घेतात. केबिनमधला छोटा फ्रीज म्हणजे खरं तर कूलर, कोल्ड्रिंक जेमतेम गार करणारा. इन्सुलिनची न उघडलेली पेनं दोन ते आठ डिग्रीत राहायला हवीत, त्यामुळे त्या फ्रीजवर भरवसा ठेवू नका. मी त्यात छोटा थर्मामीटर ठेवून बघितलं तर तेरा! लगेच खाली गेस्ट सर्व्हिसला जाऊन सांगितलं आणि तासाभरात औषधांसाठीचा वेगळा फ्रीज आला, पैसे घेतले नाहीत. बुकिंग करतानाच कळवून ठेवलं तर आणखी बरं. सुयांसाठी वेगळा डबा पण मागितला की देतात.

आईचा प्रश्न चहाचा. ती पाचला उठते आणि पाच वाजता तिला चहा लागतो, यात गेल्या पन्नास वर्षांत बदल नाही. आमच्या केबिनमध्ये किटली नव्हती. मग रात्री झोपायच्या आधी वरच्या बुफेमधून घरचा थर्मास गरम पाण्याने भरून आणायचा, प्रीमिक्सची पाकिटं बरोबर होतीच. पहाटे त्या काळोखात, बाथरूमच्या फटीतून येणाऱ्या उजेडात, ती पलंगाच्या कडेला बसून थर्मासच्या झाकणातून चहा प्यायची आणि बाबांना उठवायची नाही. मला जाग असायची, मी नुसती बघत पडून राहायचे.

लाइफ जॅकेटची गोष्ट थोडी वेगळी. ती कपाटात होती, वरच्या फळीवर. बाबांनी केबिनमध्ये पाऊल ठेवल्या ठेवल्या सगळ्यात आधी तीच शोधून काढली, तिन्ही मोजली, स्वतः घालून बघितलं. बाबा मालवणचे. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून कोकण बोटीने वळकटी घेऊन डेकवर झोपून गावी जायचे, आणि १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली, ती गोष्ट त्यांच्या घरात दरवर्षी गटारीला निघायचीच. त्यामुळे सेफ्टी ड्रिलला लोक कंटाळून मोबाइल बघत होते तेव्हा बाबा ताठ उभे राहून सगळं ऐकत होते. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा इशारा. कुठे जमायचं ते आपल्या केबिनच्या कार्डावरच छापलेलं असतं. हे ड्रिल आता जहाज सुटायच्या आधी किंवा सुटल्या सुटल्या घ्यावंच लागतं, २०१२ मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डियाला अपघात झाला तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या बऱ्याच प्रवाशांचं ड्रिल झालेलंच नव्हतं, त्यानंतर नियम कडक झाला. जॅकेट कुठे आहे ते काळोखात हाताला लागेल असं लक्षात ठेवा, एवढं तरी कराच.

फुकेतला आमचं जहाज धक्क्याला लागलं नाही, पातोंग बीचच्या समोर नांगर टाकून छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेलं. बाबा त्या बोटीत उतरताना म्हणाले, "हो तर आपलो पडावच मगो!" मालवणला आगबोट अशीच लांब उभी राहायची आणि पडावातून, म्हणजे छोट्या होडीतून, माणसं उतरायची. शेजारी उभा असलेला जहाजावरचा मुलगा मडगावचा निघाला, त्याचे वडीलपण तारवटी, म्हणजे खलाशी, आणि मग मालवणी आणि कोंकणीत जे सुरू झालं त्यात मागची लाइन खोळंबली.

घड्याळ न्या, साधं मनगटी. केबिनमध्ये घड्याळ नसतं आणि थायलंडमध्ये फोन आपोआप एक तास मागे जातो, पण जहाजाची वेळ बहुतेक वेळा सिंगापूरचीच राहते, फोनच्या भरवशावर परतलात तर शेवटची बोट चुकायची. फोन समुद्रावर कायम फ्लाइट मोडवरच, जहाजाच्या सॅटेलाइट नेटवर्कला तो चुकून जरी लागला तरी बिल डोळे पांढरे करणारं येतं. उलटीच्या गोळ्या नेल्या होत्या, मलाक्काच्या सामुद्रधुनीत पाणी शांत, पाकीट फोडावंच लागलं नाही.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा टॅग लावून दाराबाहेर ठेवायच्या असतात, त्या थेट धक्क्यावर मिळतात. सकाळचे कपडे, चपला, पासपोर्ट, औषधं हातातल्या पिशवीत राहिलीत ना ते बघा. आईने त्या रात्री एका कागदावर मोठ्या अक्षरात 'इन्सुलिन फ्रीजमध्ये' असं लिहिलं आणि दाराच्या कडीच्या वर, बरोबर बाबांच्या डोळ्यांसमोर येईल असं, मॅग्नेटच्या हुकाखाली लावून ठेवलं. सकाळी तिघांनीही तो कागद वाचला, पेनं घेतली, मगच दार उघडलं. हुक सहाच्या सहा परत आलेत, पुढच्या वेळी बारा नेणार.