एअर चीफ मार्शल टिपणीस आणि कारगिलचे आकाश

हवाई दलाचे केंद्र ठाण्यातल्या कोलशेतकरांच्या रोजच्या वाटेवर आहे. तरीही 26 जुलैला आमच्या सोसायटीत कारगिलचे स्मरण होते, तेव्हा भाषणे पायदळ आणि तोफखान्यापाशीच थांबतात. यंदा मात्र हवाई दलातून निवृत्त झालेले शेजारचे काका एअर चीफ मार्शल अनिल यशवंत टिपणीस यांच्याविषयी बोलले. त्या युद्धात हवाई दलाची धुरा एका मराठी अधिकाऱ्याकडे होती, हे अनेकांना तेव्हाच कळले.

टिपणीस यांचा जन्म 1940 चा. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून ते 1960 मध्ये लढाऊ वैमानिक म्हणून हवाई दलात आले आणि 31 डिसेंबर 1998 रोजी हवाई दलप्रमुख झाले. पाच महिन्यांतच कारगिल उभे राहिले. लष्कराने सशस्त्र हेलिकॉप्टर मागितली, तेव्हा हवाई दलाने आधी सरकारच्या मंजुरीचा आग्रह धरला, आणि त्यावरून टिपणीस यांच्यावर बरीच टीका झाली. ती मला अन्यायाची वाटते. हवाई हल्ल्याने युद्धाची व्याप्ती वाढू शकते, आणि तो धोका पत्करायचा की नाही हे सरकारनेच ठरवायचे असते. मंजुरी मिळाली ती नियंत्रण रेषा न ओलांडण्याच्या अटीवर, आणि 26 मे 1999 रोजी ‘ऑपरेशन सफेद सागर’ सुरू झाले.

दुसऱ्याच दिवशी फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता यांच्या मिग-27 विमानाचे इंजिन बंद पडले आणि त्यांना विमान सोडावे लागले. त्यांचा ठावठिकाणा घेणारे स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा यांचे मिग-21 क्षेपणास्त्राने पाडले गेले आणि त्यांना वीरमरण आले. 28 तारखेला एक एमआय-17 हेलिकॉप्टर पाडले गेले आणि त्यातील चौघांनाही वीरमरण आले. अशा वेळी हट्टाने तीच पद्धत रेटणारे सेनानी इतिहासात कमी नाहीत. इथे मात्र सशस्त्र हेलिकॉप्टर हल्ल्यांतून काढून घेतली गेली, विमाने खांद्यावरून डागायच्या क्षेपणास्त्रांच्या टप्प्याबाहेरून हल्ले करू लागली आणि ‘मिराज 2000’ ही लढाऊ विमाने पुढे आणली गेली.

काकांनी दोन्ही तळहात जोडून कड्याची धार दाखवली. सोळा-अठरा हजार फुटांवर हवा विरळ असते, त्यामुळे सपाटीवरचे हिशेब तिथे चुकतात. बॉम्ब जरा पुढे गेला की शत्रूच्या मोर्च्याऐवजी पलीकडच्या दरीत पडतो. म्हणूनच लेझरने दिशा मिळणारे बॉम्ब मोलाचे ठरले. 24 जूनला मिराज विमानांनी टायगर हिलवर ते टाकले, तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे टिपणीस दोन आसनी मिराजमधून तो हल्ला स्वतः पाहत होते.

नियंत्रण रेषेची अट त्यांच्या हवाई दलाने शेवटपर्यंत पाळली. त्या युद्धात आहुजा यांच्याच 17 व्या स्क्वाड्रनचे नेतृत्व करणारे बी. एस. धनोआ पुढे हवाई दलप्रमुख झाले, आणि त्यांच्याच काळात 26 फेब्रुवारी 2019 रोजी पाकिस्तानातील बालाकोटवरच्या हल्ल्यासाठी भारतीय विमानांनी ती रेषा ओलांडली, तीही सरकारच्याच आदेशाने.