लाल आहे तोवर

रविवार, रात्री साडेदहा

उजवा अंगठा पेन धरायला तयार नाही, म्हणून अक्षर असं. पण आज पहिल्यांदा लोखंड तापवून, ठोकून एक वस्तू शेवटपर्यंत झाली. अडकवायचा आकडा. दोन्ही टोकं निमुळती, उलटसुलट वळलेली, मध्ये पीळ. पीळ एका बाजूला दाट, दुसरीकडे विरळ. आईने तो भाजी जोखल्यासारखा तळहातावर खालीवर केला आणि म्हणाली, "सियागंजात दहा-वीस रुपयांना मिळतो की." मिळतो. ह्या आकड्यापायी दोन महिन्यांत किती खर्च झाला ते मी तिला सांगितलेलं नाही. बायकोला तर मुळीच नाही.

आमच्या इंदूरमधल्या लोकमान्य नगरच्या घराला मागे चिकूखाली दहा बाय बाराचं अंगण आहे, त्यावर हा सगळा संसार. ट्रकचा जुना ब्रेक ड्रम म्हणजे भट्टी. खालून पाइप, पाइपाला आधी मुलीचा हेअर ड्रायर होता. तो तिने परत नेला (ओरडून), तेव्हापासून हाताने फिरवायचा पंखा. खरं तर तोच बरा. ड्रायर एकसारखा फुंकत राहतो आणि कोळसा उगाच जळतो. हाताच्या पंख्यावर आपण थांबलो की तोही थांबतो.

सुरुवातीला दगडी कोळसा आणला होता. पहिल्याच दिवशी शेजारच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरींवर पिवळा धूर गेला आणि मला माफी मागायला पोह्यांची डिश घेऊन जावं लागलं. आता लोणारी, म्हणजे लाकडाचा कोळसा. ठिणग्या फार उडतात, संपतोही भराभर, पण धूर नाही. उरली राख. 2017 पासून देशात स्वच्छतेत पहिला नंबर मिरवणाऱ्या गावात भट्टीची राख कुठल्या डब्यात टाकायची, हे कचरागाडीवाल्या मुलालाही सांगता आलं नाही. त्याने दोन मिनिटं माझ्याकडे बघितलं आणि गाणं वाजवत पुढे गेला. सध्या राख कढीपत्त्याच्या बुंध्याशी.

ऐरणीचं तर विचारूच नका. भंगारवाल्याकडे रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा मागितला तर त्याने कानावर हात ठेवले. रेल्वेचा माल बाळगणं 1966 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि हे त्याला कुठल्याही वकिलापेक्षा पक्कं ठाऊक होतं. शेवटी बिनदांड्याचा मोठा घण घेतला आणि बाभळीच्या ओंडक्यात खोबण करून उभा पुरला. सरळ उभं राहून हात खाली सोडला की मुठीची बोटं जिथे टेकतात, तेवढी उंची. वरची सपाट जागा जेमतेम बिस्किटाएवढी. तिला ऐरण म्हणायला जीभ रेटत नाही, पण काम देते.

सगळ्यांसारखी मलाही आधी सुरीच करायची होती. गच्चीवर बांधकामातून उरलेली सळई होती. तीन संध्याकाळी ठोकून तिचं पातं केलं, लाल करून तेलात बुडवलं, आणि कानस फिरवली तर कानस लोण्यातून जावी तशी गेली. मग वाचत बसलो. असल्या साध्या लोखंडात कार्बन असतो 0.2 टक्क्याच्या आसपास, त्याला पाणी चढतच नाही, म्हणजे तापवून बुडवलं तरी ते कडक होत नाही. ट्रकच्या कमानीच्या (स्प्रिंगच्या) पाट्यात 0.6 च्या आसपास असतो, त्याला चढतं. म्हणजे तीन संध्याकाळी मी पाणी न चढणाऱ्या लोखंडाला पाणी पाजत होतो.

दुसरी चूक जास्त वाईट. जस्ताचा मुलामा असलेला नळाचा तुकडा भट्टीत घातला. जस्त 907 अंशाला उकळतं, भट्टी त्याच्या कितीतरी वर जाते. हिरवट ज्योत, वर पांढऱ्या कापसासारखं काहीतरी तरंगत आलं, आणि मी मूर्खासारखा वाकून बघत राहिलो. रात्री तोंडात गोडसर चव, हुडहुडी, ताप. सकाळी उतरला. मुलामा असलेलं काहीही आता अंगणातसुद्धा येत नाही.

मंगळवार

हात दुखतोय. ऑफिसात सही वेगळीच आली.

शनिवार

आज धारला जाऊन आलो, एकटाच. लाट मशिदीसमोरचा लोखंडी स्तंभ शाळेच्या सहलीत पाहिला होता, तेव्हा त्यावर घसरगुंडी करायची आणि सरांचा ओरडा खायचा एवढंच आठवतं. मशीद 1405 ची. स्तंभ त्याच्या फार आधीचा, भोजाच्या काळातला, अकराव्या शतकातला मानतात. तीन तुकडे होऊन पडलाय. तिन्ही जोडले तर 13 मीटरच्या वर. दिल्लीतला सगळ्यांना माहीत असलेला खांब जेमतेम 7 मीटरचा, पण तो उभा आहे आणि हा आडवा, म्हणून ह्याला कोणी विचारत नाही. माळव्याचं नशीब, दुसरं काय.

ह्या वेळी मी भोकं बघत बसलो. अंगावर जागोजाग भोकं आहेत. घडवताना त्यात पहारी घालून एवढं धूड फिरवत असावेत, असं अभ्यासक म्हणतात. ओतलेला नाही तो. लोखंडाचे गोळे तापवून, ठोकून, एकाला एक चिकटवत नेलाय. गेल्या आठवड्यात मी दोन पट्ट्या टाकणखार (बोरॅक्स) लावून अशाच जोडायला गेलो होतो. पिवळ्या-पांढऱ्या रंगापर्यंत तापवायच्या आणि लगेच ठोकायच्या. भट्टीतून ओंडक्यापर्यंत माझी दोन पावलं, तेवढ्यात रंग उतरला. ठोकल्या, दिसायला जुळल्या, पाण्यात घातल्यावर टक्कन सुट्या. आणि ह्यांनी काही टन वजनाचं लोखंड, तेवढाच सांधा तापलेला ठेवून, फिरवून फिरवून ठोकलं. हाक कोण देत असेल? आत्ता, असं कोण म्हणत असेल?

परतताना रस्त्याकडेला गाडिया लोहारांचं बिऱ्हाड दिसलं. गाडी, वर निळी ताडपत्री, समोर जमिनीत रोवलेली ऐरण. चितोड परत मिळेपर्यंत घरात राहायचं नाही ही त्यांची शपथ, आणि 1955 साली पंडित नेहरू त्यांना घेऊन चितोडला गेले, ती शपथ सुटली म्हणून. शपथ सुटली, ताडपत्री राहिली.

म्हातारा नवरा सांडशीत लोखंड धरून बसलेला, बायको घण घालत होती. तो धरलेल्या हाताने लोखंड जरासं वळवायचा आणि घण बरोबर तिथेच पडायचा, बोलणं काही नाही. मी थांबलो, बसलो, म्हटलं मीपण करतो थोडंफार. त्यांनी विचारलं काय करता, कशासाठी? मी म्हटलं, "शौक है." बाई घण टेकवून हसली, मनापासून, पदर तोंडाला लावून. दिवसभर घण घालणाऱ्या बाईला शौक म्हणून घण घालणारा माणूस दिसला, तिने दुसरं काय करावं. मलाही माझ्या ब्रेक ड्रमची लाज वाटली.

तरी त्यांनी हातोडा दिला हातात. खुरप्याचं पातं होतं. पाच-सहा घाव बरे पडले, मला चेव आला, सातवा घालणार तोच म्हाताऱ्याने सांडशी मागे ओढली. हातोडा कोऱ्या ऐरणीवर वाजला. "काला पड़ गया भिया," एवढंच म्हणाला आणि पातं परत निखाऱ्यात खुपसलं.

हे मला माहीत होतं. पुस्तकात होतं, पट्ट्यांच्या वेळी, सुरीच्या वेळी स्वतः भोगलेलं होतं. रंग गेल्यावर मारलं की लोखंड वाढत नाही, उलट चिरतं, आणि मनगटाला झटका बसतो तो वेगळा. पण हात उचललेला असला की तो खाली आणायचाच असतो, अजून एक, अजून एकच. मी आत्तापर्यंत घाव मोजत होतो. तो घाव मोजत नव्हता, रंगाकडे बघत होता. मी दुपारच्या लख्ख उन्हात भट्टी लावायचो, तिथे रंग दिसतच नाही. दोनदा टोक फुलबाजीसारखं तडतडून जळून गेलं ते त्यामुळेच. ह्यांनी ताडपत्रीची सावली मुद्दाम ऐरणीवर आणलेली होती.

निघताना दोनशे रुपये पुढे केले. बाईने घेतले, आणि तयार खुरप्यांतलं एक काढून माझ्या हातात ठेवलं. नको म्हटलं तर तिला आवडलं नाही. फुकटचे पैसे घेणार नव्हती ती.

रविवार

दुपारभर काही केलं नाही. पाच वाजता चिकूला जुनी चादर बांधून ओंडक्यावर अंधार केला, मग भट्टी पेटवली. दुसरा आकडा. एका वेळी चार घाव, फार तर पाच, की परत आत. पीळ घालायला आठ वेळा तापवला. पीळ एकसारखा आला असं नाही, पण दोन्हीकडे दाटच आहे.

आई खुरपं घेऊन तुळशीपाशी बसली होती. म्हणाली, "हे छान आहे. हे तू केलंस?" नाही म्हटलं.

कोळसा दोनेक किलो उरलाय. उद्या येताना आणायचा.