लाठीला आला डाव

मर्दानी खेळ बघत वाढलेल्या कोल्हापूरकराला वेगळं सांगावं लागत नाही की लाठी नुसती हाणायला नसते, पाडायलाही असते. पायात घातली की गडी आडवा. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर फासे टाकून खेळायच्या भूमिकांच्या खेळाच्या २०१४च्या पाचव्या आवृत्तीला मात्र हे पटलेलं नव्हतं. तिथं लाठी म्हणजे क्वार्टरस्टाफ. डी-२० (वीस बाजूंचा फासा) टाका, लागली तर डी-६चा मार, दोन्ही हातांनी धरली असेल तर डी-८, विषय संपला. समोरच्याला पाडायचं तर मार सोडून त्याला वेगळा धक्का द्यावा लागे. शेजारचा विझार्ड, म्हणजे जादूगार, आगीचे गोळे फेकतोय आणि फायटर, म्हणजे हत्यारवाला लढवय्या, रविवारची अख्खी दुपार एकच विचारतोय, ‘लागलं का? किती?’

२०२४च्या प्लेअर्स हँडबुकात हत्यारांना ‘मास्टरी’, म्हणजे प्रत्येकाचा खास डाव, आली आणि लाठीच्या वाट्याला ‘टॉपल’, म्हणजे पाडण्याचा डाव, आला. लाठी लागली की समोरच्यानं कॉन्स्टिट्यूशनची (दमाची) सेव्ह, म्हणजे बचावाचा डी-२०, टाकायची. गाठायचा आकडा असा काढायचा: आठ, अधिक ताकदीचा बोनस, अधिक प्रोफिशियन्सी (सरावाचा बोनस). पहिल्या लेव्हलच्या सोळा ताकदीच्या गड्याचा आठ, तीन आणि दोन मिळून तेरा. त्याच्या खाली आला की समोरचा जमिनीवर. मग पाच फुटांच्या आतल्या दोस्तांना त्याच्यावर ॲडव्हान्टेज (दोन डी-२० टाकून मोठा धरायचा). पण मागून बाण मारणाऱ्याला त्याच पडलेल्यावर डिसॲडव्हान्टेज (दोनांतला लहान), हे पहिल्या दिवशी हमखास विसरलं जातं आणि मग टेबलावर, ‘भावा, माझ्या बाणाच्या आधी पाडू नकोस की!’ असा आरडाओरडा होतो. शिवाय तुमच्या मागोमाग पाळी त्या पडलेल्याचीच असेल तर तो निम्मी चाल खर्चून उभा राहतो आणि सगळी मेहनत वाया. टॉपलच्या आधी पाळीचा क्रम बघायचा, हे गणित तालमीतल्या पोराला चटकन कळेल.

असे एकूण आठ डाव आहेत, आणि फायटरला पहिल्याच लेव्हलला तीन हत्यारांवर मास्टरी मिळते. माझ्या मते अख्ख्या आवृत्तीतली ही सगळ्यात चांगली गोष्ट. धास्तीही तिचीच वाटते. पाचव्या लेव्हलला फायटर दोनदा मारतो, ॲक्शन सर्ज (पाळीत आणखी एक ॲक्शन, म्हणजे मुख्य काम) वापरला तर चारदा. म्हणजे एका पाळीत चार सेव्ह. सहा जणांच्या टेबलावर डीएमचा (खेळ चालवणाऱ्याचा) जीव मेटाकुटीला येतो. त्यावर इलाज एकच: सेव्हचा आकडा कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहून कार्ड डीएमसमोर उभं करायचं, आणि हल्ल्याचा नि माराचा फासा एकदमच टाकायचा.

बाकीचे बरेच बदल म्हणजे घराघरांतले नियम पुस्तकात शिरलेत. औषधाची बाटली पिण्यात सगळी ॲक्शन जायची, ती आता बोनस ॲक्शनमध्ये (जोडीच्या छोट्या कामात) पिता येते. कित्येक टेबलांवर हे आधीपासूनच चालायचं. अचानक हल्ला झाला तर पहिली फेरी हात चोळत बसावं लागत नाही, फक्त इनिशिएटिव्हला (पाळीचा क्रम ठरवणाऱ्या फाशाला) डिसॲडव्हान्टेज.

थकव्याचा नियम तर आपल्यासाठीच लिहिल्यासारखा वाटतो. आधी सहा पायऱ्यांचा तक्ता होता, प्रत्येक पायरीला वेगळी शिक्षा, आणि पहिल्या पायरीला हल्ल्यावर काहीच फरक नाही. आता दर पायरीला डी-२० मधून दोन वजा, चालीतून पाच फूट वजा, सहावीला मरण. १६६०च्या जुलैतली पन्हाळ्याहून विशाळगडाकडची ती पावसाळी रात्र टेबलावर मांडून बघा. तीन पायऱ्या थकलेला मावळा प्रत्येक डी-२० मधून सहा वजा करतो, त्याची तीस फुटांची चाल पंधरावर येते, आणि मागून शत्रू येतोय. जुन्या तक्त्यात पहिल्या पायरीला हे जड पाय जाणवत नसत.

पॅलाडिनवाले, म्हणजे धर्मयोद्धा खेळणारे, नाराज आहेत, आणि त्यांचं अगदीच चुकतं असं नाही. त्यांचा स्माइट (हल्ल्याला जोडायचा दैवी मार) आता मंत्र झाला, बोनस ॲक्शन खातो, आणि समोरचा जादूगार तो अडवूही शकतो.

नवं म्हटलं की जुने खेळाडू आधी मागे सरतात, त्याला कारण आहे. २००८च्या चौथ्या आवृत्तीवर रुसलेल्यांतले पुष्कळ २००९मध्ये पाथफाइंडर या दुसऱ्या खेळाकडे गेले. जानेवारी २०२३मध्ये हे नियम वापरून इतरांनी पुस्तकं काढायच्या परवान्याचे नवे नियम बाहेर फुटले तेव्हा एवढा गदारोळ झाला की शेवटी पाचव्या आवृत्तीचे मूळ नियमच क्रिएटिव्ह कॉमन्स या मुक्त परवान्याखाली खुले करावे लागले. पण त्याच वाटेनं २०२५मध्ये नव्या नियमांची ५.२ ही संहिताही फुकट आली. त्यामुळं ४९.९९ डॉलरचं पुस्तक मागवायच्या आधी चव घेता येते.

संहितेची साडेतीनशेहून जास्त पानं झेरॉक्सवाल्याकडे नेऊ नका. हत्यारांचा तक्ता, मास्टरीची पानं, थकवा आणि पडण्याचे नियम, आणि प्रत्येकाला त्याच्या क्लासची (फायटर, विझार्ड वगैरे) पानं, एवढं छापलं की भागतं. कॅरेक्टर तिसऱ्या लेव्हलची करा, कारण आता सगळ्यांना सबक्लास, म्हणजे क्लासची पोटशाखा, तिथंच मिळतो. संहितेत प्रत्येक क्लासला एकच सबक्लास आहे आणि बॅकग्राउंड (कॅरेक्टरची पूर्वपीठिका) चारच. एका दुपारला पुरतात.

घोटाळा होतो तो जुन्या-नव्या नियमांच्या भेसळीनं. मंत्रांची नावं तीच, आतला मजकूर बदललेला. मोबाइलवर शोधलं तर बहुतेक वेळा जुनंच पान उघडतं. ओळखायची खूण सोपी आहे. जखमा भरणारा क्युअर वून्ड्स पहिल्या लेव्हलला दोन डी-८ देत असेल तर पान नवं, एकच देत असेल तर जुनं. जुने राक्षस बिनधास्त वापरा, जुने मंत्र नकोत.

राहिला दांडपट्टा. तो दोन्ही आवृत्त्यांत नाही, आणि कोल्हापुरात कुणीतरी तो मागणारच. रेपियरसारखा डी-८ आणि फिनेस (ताकदीऐवजी चपळाई धरायची मुभा) द्या, पण मार भोसकण्याचा नको, कापण्याचा. रेपियरची मास्टरी ‘व्हेक्स’ (त्याच गड्यावरच्या पुढच्या हल्ल्याला ॲडव्हान्टेज) आहे. पट्टा मात्र गर्दीतून वाट काढायचं हत्यार, म्हणून त्याला ‘क्लीव्ह’ शोभतो: एकाला लागला की पाच फुटांतल्या दुसऱ्यावरही एक हल्ला, पाळीत एकदाच, आणि दुसऱ्याच्या मारात ताकदीचा बोनस धरायचा नाही. पुस्तकात क्लीव्ह फक्त जड हत्यारांना आहे, तेव्हा डीएम कुरकुर करेल. त्याला म्हणावं, एका सेशनपुरतं चालू दे, जास्त भारी पडलं तर पुढच्या रविवारी डी-६ करू.