रॉकेटच्या गोष्टीत इतिहासवाल्यांचं काय काम?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लग्नकार्यात, व्याख्यानानंतर, अगदी रेल्वेच्या डब्यातही प्रश्न ठरलेला: "रॉकेटं, उपग्रह म्हणजे इंजिनिअर लोकांचा प्रांत. तुम्ही इतिहासाच्या. तुमचं तिथे काय काम?"

दोन फोटो तुम्ही नक्की पाहिले असतील. एकात थुंब्याला, म्हणजे केरळच्या किनाऱ्यावरच्या रॉकेट-केंद्रात, सायकलच्या कॅरिअरवर ठेवलेलं रॉकेटचं टोक, दुसऱ्यात बैलगाडीवरचा 'ॲपल' हा भारताचा दळणवळण उपग्रह. दोन्ही व्हॉट्सॲपवर जोडीने फिरतात, खाली एकच ओळ: बघा, गरिबीतून कुठे पोचलो!

सायकलचं एकवेळ ठीक. साठच्या दशकातल्या थुंब्यात वाहनांची चणचण होतीच. बैलगाडीची गोष्ट मात्र निराळी. 'ॲपल'चा अँटेना मोकळ्या मैदानात तपासायचा होता. ट्रकवर ठेवला असता, तर लोखंडी सांगाड्यावरून रेडिओलहरी परतल्या असत्या आणि मोजमाप बिघडलं असतं. लाकडी गाडीत ती अडचण नव्हती. म्हणजे तो फोटो गरिबीचा नाहीच, विचारपूर्वक केलेल्या निवडीचा आहे. १९ जून १९८१ला तो उपग्रह फ्रेंच गयानातून युरोपच्या 'एरियान' रॉकेटवर गेला. असा निर्णय कोणी, कशासाठी घेतला हे शोधणं, हेच माझं काम. मला ते फार मोलाचं वाटतं.

थुंबाच का, हाही असाच प्रश्न. चुंबकीय विषुववृत्त, म्हणजे पृथ्वीचं चुंबकक्षेत्र जिथे जमिनीला समांतर असतं ती रेषा, तिथून जवळ, आणि त्याच्यावर शंभरेक किलोमीटर उंचीवर विजेचा प्रवाह वाहतो. फुगे तिथवर पोचत नाहीत, उपग्रह इतक्या खाली टिकत नाहीत. छोटं रॉकेटच हवं. म्हणून २१ नोव्हेंबर १९६३ला तिथून पहिलं रॉकेट उडालं ते अमेरिकन 'नाइकी-अपाची', त्यातली सोडियमच्या वाफेची सामग्री फ्रेंच. पुढे सोव्हिएत मदतही आली. ऐन शीतयुद्धात! हे सांगितल्याने आपल्या लोकांचं कर्तृत्व कमी होत नाही. सगळ्यांना एका किनाऱ्यावर आणणं हेच भारताच्या अंतराळ कार्यक्रमाचे प्रणेते विक्रम साराभाई यांचं मोठं काम होतं, असं माझं मत आहे.

त्या किनाऱ्यावर कोळ्यांची वस्ती होती. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांच्या मध्यस्थीने सेंट मेरी मॅग्डलीन चर्चची इमारत केंद्राला मिळाली, कुटुंबं दुसरीकडे वसली. साराभाईंची, बिशपांची बाजू लिहिलेली सापडते. घर सोडून गेलेल्या बाईची सापडत नाही. ती तिच्या मुला-नातवंडांकडूनच ऐकायला हवी. दुभाषी मध्ये बसला की माणसं भाषण दिल्यासारखी बोलतात, म्हणून सध्या मी मल्याळम शिकते आहे.