जुन्या फोर-व्हील-ड्राइव्हच्या गिअरबॉक्समधील तेलगळती

माझ्या जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीच्या गिअरबॉक्समधून, सिलेक्टर शाफ्ट (गिअर बदलणारा दांडा) जिथे बाहेर येतो तिथून, तेल झिरपत होते. वाऱ्याने तेल मागे पसरत असल्यामुळे ओल दिसते तिथेच गळती असेल असे नाही. म्हणून आधी केसिंग स्वच्छ पुसून, थोडे चालवून मगच उगम शोधावा.

सील (शाफ्टभोवती तेल अडवणारी कडी) बदलण्यापूर्वी ब्रीदर (गिअरबॉक्समधील हवा बाहेर सोडणारे तोंड) तपासणे मला अत्यावश्यक वाटते, कारण चिखलाने तो बुजला की तापलेल्या गिअरबॉक्समधील दाब वाढतो आणि नवे सीलही तेल सोडू लागते. लिंकेज (गिअर लिव्हरला शाफ्टशी जोडणारी सांधणी) काढल्यावर, शाफ्टच्या पिनच्या छिद्राभोवतीची धारदार कड बारीक पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केली. ती तशीच राहिली असती, तर सीलची नाजूक ओठासारखी कड बसवतानाच चिरली असती. जुने सील उचकटताना त्याच्या खाचेला ओरखडा पडू देऊ नये. नव्या सीलच्या कडेला तेल लावून, तिची स्प्रिंगची बाजू आत ठेवून, योग्य मापाच्या सॉकेटने ते सरळ ठोकून बसवले.

शाफ्ट आडवा हलत असेल, तर मात्र बुशही (शाफ्टला आधार देणारी नळीसारखी कडी) बदलावे लागते. शेवटी गाडी सपाट जागी ठेवून, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्याच प्रतीचे तेल भरले.